राजाचे संग्रहालय आणि आजोबांचे पेन



गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही साताऱ्याला गेलो होतो ते घर रिकामे करायला. घर जुने, भाऊबंदकीत अडकलेले, शेवटी सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि बिल्डरने पंधरा दिवसांची मुदत दिली. आपल्याकडची रजा म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. एकवीस दिवसांत लग्नकार्ये, डॉक्टर, बँकेची कामे, देवदर्शन आणि वर हे. माळ्यावरची पितळेची भांडी, एक अडकित्ता, गंज चढलेली कुलपे आणि दोन-तीन ओळखू न येणाऱ्या वस्तू आम्ही एका पोत्यात भरल्या आणि मोडीच्या भावात विकून टाकल्या. किलोवर. वजनकाटा बघून बरे वाटले सुद्धा!

त्यानंतर दोन दिवसांनी मुलांना घेऊन पुण्याला बाजीराव रोडजवळ, नातू बागेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. एका काचेच्या कपाटापुढे आमची धाकटी थांबली आणि बोट दाखवू लागली. आत एक पितळी कलमदान होते. लांबट नळी, तिच्या टोकाला जोडलेली झाकणाची दौत. आमच्या पोत्यातल्या ओळखू न येणाऱ्या वस्तूंपैकी एक हीच होती! साताऱ्याला लगेच फोन लावला. दुकानदाराने शांतपणे सांगितले की माल पुढे गेला. म्हणजे भट्टीत.

तेव्हापासून ज्या माणसाने आयुष्यभर अशी पोती भट्टीत जाण्याआधी उघडून पाहिली, त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. हा लेख त्यांच्यावर आहे. थोडा आमच्या हाती उरलेल्या एका पेनावरही आहे, पण ते पुढे येईल.

आधी एक खुलासा, कारण आमचाच गोंधळ झाला होता. पुण्यात केळकर पुष्कळ. केसरीचे संपादक आणि साहित्यसम्राट म्हणून ओळखले जाणारे न. चिं. केळकर वेगळे. ऐतिहासिक पोवाडे गोळा करणारे य. न. केळकर वेगळे. आपले हे दिनकर गंगाधर केळकर. जन्म १८९६ सालचा, मृत्यू १९९० चा. म्हणजे टिळकांच्या काळात शाळेत गेलेला आणि दूरदर्शनवर रामायण-महाभारत लागेपर्यंत जगलेला माणूस. मधल्या काळात महाराष्ट्रातले घर आतून जितके बदलले तितके त्याआधीच्या दोनशे वर्षांत बदलले नसेल, आणि हे सगळे त्यांच्या डोळ्यांदेखत झाले.

पेशाने ते चष्म्यांच्या दुकानाचे मालक, आणि मनाने कवी. अज्ञातवासी हे त्यांचे टोपणनाव. रविकिरण मंडळाच्या आगेमागे जी मराठी कविता बहरली, त्या पिढीतले हे एक नाव. आज त्यांच्या कविता फारशा कुणाला आठवत नाहीत. पण आम्हाला गंमत वाटली ती त्या टोपणनावाची. पुढे ज्या वस्तूंच्या मागे ते वेडे झाले त्या सगळ्या अशाच माळ्यावर, कोठीत, तळघरात अज्ञातवास भोगत पडलेल्या होत्या. आणि लोकांना नीट दिसावे म्हणून भिंगे घासून देणाऱ्या माणसानेच इतरांना न दिसलेले पाहावे, हाही योगायोग छानच.

त्यांनी संग्रह करायला सुरुवात केली ती १९२० च्या सुमारास. म्हणजे वय चोवीस-पंचवीस. त्या वयात आपण काय करत होतो ते आठवून पाहा! आम्ही तर कॅम्पस इंटरव्ह्यू देत होतो.

तो काळ समजून घेतल्याशिवाय या माणसाचे मोठेपण कळत नाही. १८१८ मध्ये पेशवाई गेली, पण सरदारांचे, इनामदारांचे, वतनदारांचे वाडे उभे होते. शंभर वर्षे ते हळूहळू आतून पोकळ होत गेले. उत्पन्न आटले, हिस्से पडले, आणि पुण्याच्या जुन्या बाजारात आठवड्याच्या आठवड्याला वाड्यांतले सामान येऊ लागले. पुढे स्वातंत्र्य आले, संस्थाने विलीन झाली, इनामे गेली. मग १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे एका दिवसात कोसळले. मागून स्टेनलेस स्टील आले. कल्हईची कटकट नको म्हणून घरोघरी तांब्या-पितळेची भांडी देऊन स्टीलची घेतली गेली. वीज आली तसे दिवे आधीच माळ्यावर गेले होते. यात कुणाचा दोष आहे असे नाही. रोज चिंच लावून समई घासणाऱ्या बाईला विचारा, ती स्टीलच्याच बाजूने बोलेल.

सोन्याचांदीच्या वस्तू, मूर्ती, चित्रे, शस्त्रे यांना तेव्हाही गिऱ्हाईक होते. साहेब लोक घेत, संस्थानिक घेत, मुंबईची मोठी वस्तुसंग्रहालये घेत. केळकरांचे वेगळेपण इथे आहे. त्यांनी अडकित्ता घेतला. वज्री घेतली. फणी, कुंकवाचा करंडा, पानदान, कुलूप, हुक्का, किसणी, शेवयांचा साचा, पाळण्याच्या कड्या घेतल्या. म्हणजे ज्या गोष्टीला बाजारात फक्त धातूची किंमत होती, ती घेतली. त्या काळात हे करणे म्हणजे लोकांच्या लेखी शुद्ध वेडेपणा होता.

वज्री म्हणजे काय हे इथल्या मुलांना माहीत नसेल म्हणून सांगतो. अंघोळीच्या वेळी टाचा घासायची धातूची वस्तू. खालचा भाग खरखरीत, वर धरायला मूठ. आता टाच घासायच्या वस्तूवर किती कला करायची? पण केळकरांच्या संग्रहात वज्रीवर मोर आहेत, पोपट आहेत, हत्ती आहेत. काहींत आत खडे घालून घासताना रुणझुण आवाज होईल अशी सोय केलेली. पुरुषमाणसाच्या नजरेला ही वस्तू कधी पडायचीही नाही. न्हाणीघरात जन्म घालवणारी ही वस्तू कुणा अनाम तांबटाने इतकी मन लावून का बनवली असेल, हा प्रश्न पडणे हीच केळकरांची खरी पारख. अडकित्त्यांचेही तेच. सुपारी कातरण्यापुरते दोन पाती आणि एक खिळा पुरे. पण तिथे घोडे आहेत, पक्षी आहेत, माणसांच्या जोड्या आहेत.

दिव्यांवर तर त्यांचा विशेष जीव होता. समया, निरांजने, लामणदिवे, हातात दिवा घेऊन उभ्या दीपलक्ष्मी. या दिव्यांवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने १९६१ मध्ये काढले. चष्म्याच्या दुकानात बसणारा, इतिहासाची कोणतीही मोठी पदवी नसलेला माणूस एका विषयात इतका खोल उतरला की सरकारला त्याच्याकडून पुस्तक लिहून घ्यावेसे वाटले.

जुनी वस्तू ओळखायची कशी, हे आम्ही संग्रहालयात दोन तास घालवून आणि नंतर वाचून थोडेसे शिकलो. तज्ज्ञ नाही आहोत, पण सांगतो. सगळ्यात आधी झीज बघायची. खरी वापरातली वस्तू जिथे बोट लागते तिथेच झिजते. अडकित्त्याच्या दांडीला अंगठ्याची जागा गुळगुळीत होते, कुलपाच्या किल्लीचे दात एका बाजूने गोल होतात, समईची घडी घासून घासून पातळ होते. मुद्दाम जुनी भासवलेली वस्तू सगळीकडून सारखीच काळवंडलेली असते. दुसरे म्हणजे ओतकाम. मेणाचा साचा करून ओतलेली जुनी वस्तू जोडीतही तंतोतंत सारखी नसते, कारण प्रत्येक वेळी मेण वितळून साचा मोडतो. दोन मोर हुबेहूब एकसारखे दिसले तर सावध व्हायचे. तिसरे म्हणजे दुरुस्ती. पितळी भांड्याला लावलेले ठिगळ, बदललेला खिळा हे बाजारात दोष मानतात. पण ठिगळ लावले म्हणजे ती वस्तू कुणाला तरी टाकवेना, इतकी लागत होती.

आमच्या हातून गेलेल्या कलमदानाबद्दलही नंतर कळले. बोरूने मोडी लिहिणारा कारकून ते बरोबर बाळगायचा. नळीत बोरू, टोकाच्या दौतीत शाई. शाई घरीच बनायची, काजळी आणि डिंक घोटून. टीपकागद नव्हता तेव्हा ओल्या अक्षरांवर बारीक वाळू भुरभुरवायची आणि झटकून टाकायची. आत्याला फोनवर हे सांगितले तर ती म्हणाली की तिच्या आजोबांच्या खोलीत वाळूची एक डबीही होती, आणि लहानपणी तिला वाटायचे की ती मिरीपुडीची आहे. ही माहिती पन्नास वर्षे तिच्याजवळ होती. आम्ही कधी विचारलेच नव्हते.

केळकर मात्र विचारत हिंडले. महाराष्ट्रातली गावे, मग गुजरात, राजस्थान, दक्षिणेकडचे प्रांत. गुजराती हवेलीचे कोरीव लाकूडकाम, दारे, खिडक्या, झरोके, पैठणची चित्रकथी, गंजिफा, कठपुतळ्या, तंतुवाद्ये, तालवाद्ये. तेव्हाचा प्रवास म्हणजे रेल्वेचा तिसरा वर्ग आणि एसटी. परतताना हातात एखादे अख्खे दार असले तर त्याचे काय करायचे, हा विचार करूनच आम्हाला घाम फुटला. इथे तर आपण सामानाचे वजन तीस किलोच्या वर गेले की विमानतळावर बॅग उघडून लोणच्याची बरणी बाहेर काढतो.

पैसा कुठून आला? सरकारी अनुदान नाही, श्रीमंत आश्रयदाता नाही. दुकानाचे उत्पन्न आणि घरखर्चातून वाचवलेला पैसा. इथे त्यांच्या पत्नी कमलाबाईंचे नाव घेतलेच पाहिजे. नवऱ्याने रोज घरात जुने लाकूड आणि काळे पितळ आणावे, आणि बायकोने ते पुसून, ठेवून, जपून त्याच घरात संसार करावा हे सोपे नव्हते. संग्रहालय ज्या वास्तूत आहे तिचे नाव कमल कुंज. आम्ही पाहिले तिथे बहुतेक लोक पाटी न वाचता तिकिटाच्या खिडकीकडे जातात.

आणि राजा. केळकरांचा एकुलता एक मुलगा, सातव्या वर्षी गेला. याबद्दल आम्ही जास्त लिहिणार नाही. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी हे भोगले आहे त्यांना सांगण्याची आमची लायकी नाही. केळकरांनी आयुष्यभराच्या संग्रहाला त्या मुलाचे नाव दिले. म्हणून ते राजा केळकर संग्रहालय. अनेकांना वाटते की राजा ही पदवी आहे, कुणी संस्थानिक असावा. आम्हालाही लहानपणी शाळेच्या सहलीत तसेच वाटले होते. संस्थानिक नव्हे, सात वर्षांचा मुलगा. संग्रहात खेळणी, बाहुल्या, भातुकलीची भांडी आहेत, त्या कपाटाजवळ हे आठवले की पाय जड होतात.

त्यांनी वाचवलेली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र कपाटात मावणारी नाही. कोथरूडला पहिल्या बाजीरावाने मस्तानीसाठी बांधलेला महाल मोडकळीला आला होता. त्याचे लाकडी खांब, कमानी, छत जे हाती लागले ते केळकरांनी आणले आणि आपल्या संग्रहालयात पुन्हा जोडून मस्तानी महाल उभा केला. आज कोथरूडमध्ये ज्यांचे फ्लॅट आहेत (आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आहेत!) त्यांनी एकदा आवर्जून तो बघून यावा. आपल्या पार्किंगच्या जागी कधीकाळी काय होते याचा अंदाज येतो. पुण्यात मस्तानी म्हटले की आता आधी आइस्क्रीमचा ग्लास आठवतो, हे आहेच म्हणा.

१९६० पर्यंत वस्तूंची संख्या पंधरा हजारांच्या आसपास गेली होती. पुढे ती वीस हजारांच्या वर गेली. १९६२ मध्ये याला रीतसर संग्रहालयाचे रूप आले. आणि १९७५ मध्ये केळकरांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या स्वाधीन केला. देणगी म्हणून. पंचावन्न वर्षांचे काम, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, देऊन टाकले. तोवर बाहेरच्या जगात अशा वस्तूंचे भाव वाढायला लागले होते. परदेशी पर्यटक जुने दिवे आणि दारे शोधत यायचे. ज्या गोष्टी त्यांनी मोडीच्या भावात घेतल्या होत्या, त्या विकून त्यांना आरामात जगता आले असते. पण त्यांनी एक एक वस्तू विकत बसायचे नाकारले, कारण अडकित्ता एकटा असला की तो अडकित्ता असतो, शंभर अडकित्ते शेजारी ठेवले की त्यातून कारागिरांच्या पिढ्या दिसतात.

नंतर मान मिळाले. पुणे विद्यापीठाने डॉक्टरेट दिली, म्हणून नावामागे डॉक्टर. भारत सरकारने पद्मश्री दिली. मुल्कराज आनंद यांनी सुरू केलेल्या मार्ग या कलाविषयक प्रकाशनाने १९७८ मध्ये या संग्रहावर खास ग्रंथ काढला, तोही रोजच्या वापरातल्या कलेचा खजिना या भूमिकेतून. केळकर शेवटपर्यंत संग्रहालयाशी जोडलेले होते, आणि त्यांच्या मागे मुलीकडच्या घराने ते काम पुढे नेले.

एक तक्रारही नोंदवून ठेवतो. वीस हजारांपैकी अडीच हजारांच्या आसपास वस्तूच मांडलेल्या आहेत, बाकी जागेअभावी बंद. कपाटे गच्च भरलेली आणि पाट्या त्रोटक. वस्तू कुठल्या गावाहून आली, कुणाच्या घरातली, हे वाचायला मिळाले असते तर मुलांना आणखी रस वाटला असता. पण संग्रहालय एका माणसाच्या घरात वाढले आहे, हे लक्षात घेतले की रागही येत नाही.

आता पेन. ते पोत्यात न जाता टेबलाच्या खणात राहिले म्हणून वाचले. काळी दांडी, धातूची टोपी, निब जवळजवळ पूर्ण झाकलेली. टोपीवर कोरलेली आजोबांची आद्याक्षरे आणि १९५८. आजोबा हायस्कूलचे मुख्याध्यापक होते आणि त्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा शाळेने ते दिले असावे असा आमचा तर्क. आत्याने तो खरा ठरवला.

दुबईत परतल्यावर करामातल्या एका पेनवेड्या मित्राला दाखवले. त्याने ते ज्या पद्धतीने तपासले, ते बघताना आम्हाला सारखी केळकरांची आठवण होत होती. आधी त्याने टोपीची कड भिंगाखाली धरली आणि तिथली बारीक अक्षरे वाचली. पार्कर, ५१, आणि देशाचे नाव. मग दांडी उघडून शाई भरायची यंत्रणा पाहिली. धातूच्या नळीवर दाबपट्टी, आणि ती सहा वेळा दाबा अशी सूचना. पार्कर ५१ बाजारात आले १९४१ मध्ये, पण ही दाबपट्टीची पद्धत १९४८ पासूनची. म्हणजे पेन १९४८ नंतरचे, १९५८ च्या आधीचे. भेट दिल्याची तारीख जुळली!

हे पाहायला का लागते, तर या पेनाच्या झाकलेल्या निबची नक्कल जगभर झाली. चीनचे हीरो पेन तर आपल्या सगळ्यांच्या कंपासपेटीत होते. सत्तर-ऐंशीच्या दशकात गल्फहून येणाऱ्या काकांनी आणलेली कित्येक पार्कर पेने प्रत्यक्षात हीरोच होती, आणि कुणाची काही तक्रार नव्हती, कारण ती चालायची मस्त.

तुमच्या घरच्या खणात पेन असेल तर निब उघडी असल्यास तिच्यावरचे कोरीव बघा. १४ कॅरेट किंवा ५८५ असेल तर सोन्याची. नुसते इरिडियम पॉइंट लिहिले असेल तर बहुधा पोलादी, वर मुलामा. दांडी काळी असून उन्हाच्या बाजूने तपकिरी-हिरवट झाली असेल तर ते एबोनाइट, म्हणजे कडक केलेले रबर. ते पाण्यात भिजत घालू नका, रंग आणखी जातो. रंगीत, लहरदार दांडी चोळल्यावर कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, त्याला आगीपासून दूर ठेवा. आणि फक्त परदेशी नावे शोधू नका. मुंबईची विल्सन, एअरमेल, वॉलिटी, राजमहेंद्रीची रत्नम ही आपली पेनेही आता लोक हौसेने जमवतात. शाईच्या बाटल्याही जपून ठेवा. गिरगावातल्या दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईच्या पुडी-वडीपासून धंदा सुरू केला आणि पुढे फाउंटन पेनच्या शाईला उंटाचे नाव दिले. कॅमल शाईची जुनी बाटली इथल्या उंटांच्या देशात शोकेसमध्ये ठेवायला काय हरकत आहे?

मित्राने शेवटी किमतीचे सांगितले. पेन उत्तम, चालू, पण टोपीवर नाव कोरलेले आहे, त्यामुळे संग्राहक कमी पैसे देतात. कोरीव नसते तर भाव वाढला असता. काही लोक तर कोरीव घासून काढतात म्हणे, किंवा दुसरी टोपी बसवतात.

आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. बाजाराच्या हिशेबात जे वजा होते तेच आमच्या लेखी सगळे होते. त्या आद्याक्षरांशिवाय ते पेन कारखान्यातून निघालेल्या लाखो पेनांपैकी एक. केळकरांनी ते हातात घेतले असते तर आधी टोपीवरचे कोरीवच वाचले असते, असे आम्हाला खात्रीने वाटते.

जाता जाता कामाची एक गोष्ट, कारण सुट्टीत असे सामान इकडे आणायचा मोह सगळ्यांनाच होतो. भारतात १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा आहे, तो १९७६ पासून लागू झाला. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखित असेल तर ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे, म्हणजे पणजोबांची मोडी दप्तरे त्यात येऊ शकतात. जुन्या समईबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून ती पुरातन नसल्याचा दाखला घेता येतो. विमानतळावर वाद घालण्यापेक्षा ते बरे. १९५० च्या आसपासच्या पेनाला ही अडचण नाही. फक्त शाई काढून, धुऊन, कोरडे करून आणा, नाहीतर विमानात हवेचा दाब बदलला की पेन गळते आणि शर्टाचा खिसा निळा होतो. (स्वानुभव.)

आणि खिशात एक दिरहमचे नाणे असेल तर काढून बघा. त्यावर दल्ला आहे, अरबी कॉफीची चोचीची किटली. राजाचे चित्र नाही, किल्ला नाही, घरोघरी चुलीवर असणारे एक भांडे. १९७१ मध्ये दुबईच्या अल फहिदी किल्ल्यात जे संग्रहालय सुरू झाले त्यातही मोती काढणाऱ्या बुड्यांचे नाकाला लावायचे चिमटे, टोपल्या, दोर असेच सामान होते. केळकरांना तिथे फिरायला नक्की आवडले असते.

आजोबांच्या पेनासोबत आम्ही आता एक चिठ्ठी ठेवली आहे. कुणाचे, कुणी दिले, कधी, आणि आत्याने सांगितलेले एवढेच की आजोबा या पेनाने फक्त सह्या करायचे, बाकी लिहायला टाक वापरायचे. चिठ्ठी मोठीने लिहिली, त्याच पेनाने. मराठीत तीन चुका आहेत. दुरुस्त केल्या नाहीत.